पुरात उभी राहिलेली ऑम्नी आणि पंधरा वर्षांनंतरचे पासिंग

वडोदऱ्याच्या वाडी भागातील एका महिला भजनी मंडळाने २०२५च्या उन्हाळ्यानंतर एक जुनी मारुती ऑम्नी घेतली. पेटी, तबला-डग्गा, टाळांची पिशवी आणि सात-आठ सभासद एवढा लवाजमा प्रत्येक कार्यक्रमाला रिक्षांतून नेणे मंडळाला परवडेनासे झाले होते. गाडी मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या नावावर झाली. या लेखात त्यांना काकू म्हटले आहे. गाडीची पहिली नोंदणी डिसेंबर २०१०ची होती, म्हणजे खरेदीनंतर थोड्याच महिन्यांत तिची मुदत संपणार होती आणि नूतनीकरणासाठी ती तपासणीला उभी करावी लागणार होती. वाहनदुरुस्तीच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे काकूंनी गाडी प्रथम मला दाखवली. "पास तर झालीच पाहिजे," त्या म्हणाल्या, "पण आम्ही सगळ्या बायका तिच्यात बसणार आहोत, हे आधी डोक्यात ठेव."

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ४१प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तिचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत फॉर्म २५मध्ये अर्ज करायचा असतो. पंधरा ते वीस वर्षांच्या हलक्या मोटारीसाठी १ एप्रिल २०२२पासून हे शुल्क ५,००० रुपये झाले आहे, आणि अर्जाला उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा पडतात. तपासणीत काय काय पाहावे, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९च्या नियम ६२मध्ये आहे. ती मूळची व्यावसायिक वाहनांच्या फिटनेससाठी आहे. तरीही जुन्या खासगी गाडीची तयारी करणाऱ्यानेही तीच हाताशी धरावी, असे माझे मत आहे. स्पार्क प्लग आणि त्याला वीज नेणाऱ्या हाय टेन्शन केबलपासून दिवे, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर आणि स्टेअरिंगपर्यंत सर्व काही तिच्यात आहे.

या यादीत जे नाही, तेच या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे ठरले. ही गाडी २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुरात उभी होती. त्या दिवसांत नदीची पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली होती आणि शहराच्या निम्म्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गढूळ पाणी शिरले होते. विकणाऱ्याने काकूंना सांगितले होते की पाणी जेमतेम टायरपर्यंत आले होते. गाडी धुतलेली होती, सीटकव्हर नवी होती, आतून अत्तराचा वास येत होता.

चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढून काढला. वापरात येणारा भाग स्वच्छ होता; त्याच्या पलीकडे, रीळमध्ये गुंडाळून राहणाऱ्या पट्ट्यावर, आडवी तपकिरी रेघ होती आणि पट्टा झटकताच पिठासारखा बारीक, कोरडा गाळ मांडीवर पडला. रीळ दरवाज्याशेजारच्या खांबात तळाशी असते. म्हणजे पाणी टायरपर्यंत थांबले नव्हते, ते गाडीच्या तळावर चढले होते. मागच्या दिव्याची काच उतरवल्यावर आत तीच रेघ दिसली. वडोदऱ्यात सध्या जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने या दोन जागा पाहाव्यात, कारण धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही.

ब्रेक आणि मागचा आस (ॲक्सल)

पूर आलेल्या गाडीत इंजिनाची चर्चा सगळे करतात, ब्रेकची कोणी करीत नाही. या ऑम्नीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक होते. डिस्क उघडी असते. पाणी ओसरल्यावर चार वेळा ब्रेक दाबला की पॅड तिला घासून पुसून काढतात. ड्रम मात्र झाकलेले भांडे आहे. पुराचे पाणी त्यात कडेच्या फटीतून शिरते आणि निघून जाताना गाळ मागे ठेवून जाते. डावीकडचा मागचा ड्रम निघता निघेना. मिस्त्रींनी रॉकेल सोडून, बाहेरून कडेकडेने हलक्या हाताने ठोकून तो सैल केला. आत लायनरच्या, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या, बाजूने सुकलेल्या चिखलाचा थर होता, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली गंजाची वलये होती आणि एक पिस्टन जागेवर पूर्ण जाम झाला होता. उजवीकडचा ड्रम तुलनेने बरा होता. गाडी चालवताना ब्रेक दाबला की ती उजवीकडे ओढ घेत होती, त्याचे कारण इथे समोर आले: डावीकडचे मागचे चाक थांबवण्याच्या कामात भागच घेत नव्हते.

मिस्त्री मूळचे आणंदचे, हाताने अतिशय कुशल. त्यांचा पहिला प्रस्ताव होता की सिलिंडर घासून, नवे रबर बसवून काम भागवावे. "एटलुं तो चाले, साहेब," ते म्हणाले. हे मला मान्य झाले नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे रबर त्यावर घासून काही महिन्यांत फाटते आणि ब्रेक ऑइल लायनरवर गळू लागते. असा ब्रेक एका क्षणात निकामी होतो, आणि तो क्षण नेमका गाडी भरलेली असताना येतो. मिस्त्रींनी सिलिंडर उघडून दाखवल्यावर त्यांचेही मत बदलले. दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर नवे बसवले, लायनरही दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले, आणि गंजलेली धातूची ब्रेक नळी, जिला गॅरेजमध्ये पाइपलाइन म्हणतात, मागच्या आसापर्यंत नवी टाकली.

ब्रेक ऑइल काढून पाहिले तेव्हा ते गडद तपकिरी होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ दर्जाचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसला उकळते. तेच ओलावा धरलेले तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळल्यावर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे पेडल थेट खाली जाते. पावागडच्या घाटातून भरलेली गाडी उतरताना असे व्हायला वेळ लागत नाही, आणि मंडळाचा चैत्रातला एक कार्यक्रम तिकडेच असतो. सगळे तेल काढून, प्रत्येक चाकापाशी हवा काढून नवे भरले.

हँडब्रेकची केबल त्याच गाळाने आपल्या आवरणात अडकली होती. तपासणीत हँडब्रेक ओढून गाडी ढकलून पाहतात, म्हणून पुष्कळ गॅरेजवाले केवळ नट आवळून देतात. तसे केल्याने केबल ताणलेलीच राहते आणि लायनर चालताना घासत राहतात. केबल बदलणे हाच एक मार्ग होता.

मागच्या आसाची कथा वेगळी नव्हती. ऑम्नी मागच्या चाकांवर चालते, म्हणून तिच्या मागच्या आसात गिअरचे घर असते आणि त्यावर श्वास घेण्यासाठी एक छोटे छिद्र असते. गरम आस पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि छिद्रातून पाणी ओढले जाते. तळाचा बोल्ट काढल्यावर बाहेर आलेले तेल दूध जास्त झालेल्या चहासारखे होते. तेल दोनदा बदलले: पहिल्यांदा स्वस्त तेल घालून थोडे अंतर चालवून धुण्यापुरते, आणि नंतर योग्य दर्जाचे. गिअरबॉक्सचे तेल सुदैवाने स्वच्छ निघाले.

पत्रा

काकूंना गाडी मिळवून देणाऱ्या ओळखीच्या एजंटाने एव्हाना तयारीची आपली यादी दिली होती: टायरांना काळा रंग, मागे रेडियम, बाहेरून रंगाचा हात, दारांच्या खालच्या कडेला पुट्टी, बाकी तो बघून घेणार. मला या यादीतील पुट्टी खटकली. डाव्या सरकत्या दाराखालची पोकळ पट्टी बोटाने दाबली की आत जात होती. आत साठलेला गाळ पावसाळाभर ओला राहिला होता आणि पत्रा आतून खाल्ला गेला होता, बाहेरून रंग तेवढा शिल्लक होता.

ऑम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे हे पोकळ भागच गाडीचा सांगाडा असतात. सरकत्या दारामुळे त्या बाजूला आधीच मोठी मोकळी जागा असते, म्हणून दाराखालच्या पट्टीवर तिथे जास्त भार येतो. पुट्टी म्हणजे लेप. ती दिसण्यातला खड्डा भरते, भार पेलत नाही, आणि तिच्याखाली गंज चालूच राहतो. डेंटरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्याने, सडलेला भाग कापून काढला, आतला गाळ पाण्याच्या धारेने आणि मग हवेने काढला, त्याच जाडीचा नवा पत्रा वळवून सांध्यांवर वेल्डिंग केले, आणि पाणी वाहून जाण्याची मूळची छिद्रे पुन्हा मोकळी केली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढली आणि पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवली. हा खर्च ब्रेकच्या खर्चापेक्षाही जास्त झाला. मंडळात त्यावर चर्चा झाली, काही जणींना तो अनावश्यक वाटला. काकूंनी सगळ्यांना गॅरेजमध्ये आणून कापलेला तुकडा हातात दिला, आणि चर्चा तिथे संपली.

सीएनजीचा संच आणि आरसी

वडोदऱ्यात सीएनजी सहज मिळतो, त्यामुळे जुन्या ऑम्नीत तो बसवलेला असणे नवलाचे नाही. या गाडीतही मागच्या बाकामागे सीएनजीचा बाटला होता. आरसी, म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र, मात्र इंधन केवळ पेट्रोल असल्याचे सांगत होती. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणे कलम ५२च्या कक्षेत येते, आणि आरसीत नोंद नसलेला संच घेऊन गाडी तपासणीला नेणे म्हणजे ती परत आणण्यासाठीच नेणे. याहून गंभीर गोष्ट बाटल्यावरच्या पट्टीवर होती. सीएनजीच्या बाटल्याची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते, ज्याला सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात. या बाटल्याची तारीख उलटून गेली होती आणि त्यानंतर तो पुरात बुडाला होता. तो धरून ठेवणारे पट्टे गंजले होते.

दोन मार्ग होते: नवा मान्यताप्राप्त संच बसवून त्याची आरसीत नोंद करून घेणे, किंवा संच काढून गाडी पुन्हा केवळ पेट्रोलवर आणणे. महिन्यातून मोजके फेरे करणाऱ्या गाडीत इंधनाची बचत संचाच्या किमतीपर्यंत पोचणे कठीण होते, म्हणून दुसरा मार्ग निवडला. अधिकृत केंद्राकडून उरलेला वायू काढवून संच उतरवला. बाटला भंगारवाल्याला अखंड देऊ नका, हे मी काकूंना आवर्जून सांगितले, कारण असा बाटला दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाण्याची शक्यता असते. टाकून दिलेला बाटला कापून किंवा चेपून निकामी करणे नियमानेही आवश्यक आहे. केंद्राने तो कापून दिला.

आरसी आणि गाडी यांच्यात आणखी दोन ठिकाणी तफावत होती. आरसीत आठ आसने होती, गाडीत मधले बाक नव्हते. आधीच्या मालकाने सामान वाहण्यासाठी ते काढले होते. तपासणीपुरते उसने बाक लावून नंतर काढण्याचा सल्ला काहींनी दिला, पण इथे तर बसायला बाक हवेच होते. जुन्या ऑम्नीच्या भागांच्या दुकानातून मूळचे बाक मिळाले आणि मूळच्याच बोल्टांच्या जागी बसवले. दुसरी तफावत कर्जाच्या बोज्याची. पहिल्या मालकाचे कर्ज कधीच फिटले होते, पण आरसीवरून बोजा उतरवला नव्हता. फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र मिळवण्यात पुष्कळ वेळ गेला, कारण अर्ज पहिल्या मालकाकडूनच यावा लागला. सुदैवाने ते शहरातच राहत होते आणि त्यांनी मनापासून मदत केली. जुनी गाडी घेताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या होण्याआधी आरसीचा हा कोपरा पाहावा.

धूर

संच निघाल्यावर पेट्रोलच्या यंत्रणेचे खरे रूप समोर आले. गाडी वर्षानुवर्षे सीएनजीवर धावल्याने टाकीतले पेट्रोल जुने झाले होते आणि त्यात पाणी होते. टाकी धुतली, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. तरीही पीयूसीच्या, म्हणजे धुराच्या प्रदूषण तपासणीच्या, पहिल्या मोजणीत गाडी अडली. बीएस-३ (भारत स्टेज-३) या धुराच्या मानकाची पेट्रोल मोटार असल्यामुळे तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम (दहा लाखांत ७५० भाग) होती. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत होता, हायड्रोकार्बन मात्र बराच वर.

ही जोडी निदानासाठी फार उपयोगी आहे आणि पीयूसीच्या कागदावर ती छापलेली असूनही कोणी वाचत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो ठीक असून हायड्रोकार्बन वाढत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे आणि तिथले पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. ऑम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, त्यामुळे एक सिलिंडर चुकला तरी गाडी चालते, फक्त थरथरते, आणि लोक ती थरथर म्हातारपणाच्या खात्यावर टाकतात. एका हाय टेन्शन केबलच्या टोकाशी टोपीखाली हिरवट गंज सापडला. केबलचा संच आणि प्लग बदलल्यावर आकडे मर्यादेच्या खूप खाली आले.

दिवे, आरसे, वायपर, हॉर्न, काचेवरची काळी फिल्म या बाबी एका दुपारी आटोपल्या. फिल्म काढावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच तिला मनाई केली आहे. समोरच्या दिव्यांत कुणीतरी बाजारातले एलईडी बल्ब बसवले होते, ते काढून मूळच्या ६०/५५ वॉटच्या हॅलोजन बल्बवर आणले, कारण हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात एलईडीचा झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. स्टेअरिंगला नियमाप्रमाणे ३० अंशांपर्यंत मोकळी हालचाल चालते. ही मर्यादा उदार आहे, आणि स्टेअरिंग चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचे टोक बदलल्यावर या गाडीची हालचाल त्याच्या कितीतरी आत आली. टायरची खाच १.६ मिलीमीटरपेक्षा कमी नव्हती, पण दोन टायरांच्या बगलेला भेगा होत्या, म्हणून तेवढे दोन बदलले.

तपासणी

गाडी दर्जीपुऱ्याच्या कार्यालयात नेली तेव्हा निरीक्षकांनी ब्रेक, हँडब्रेक, स्टेअरिंग आणि दिवे पाहून समाधान व्यक्त केले. आसने मोजली. अडचण आली ती चॅसिस नंबरपाशी. पत्र्याच्या कामानंतर गंज रोखण्यासाठी तळाला जो काळा लेप मारला होता, तो डेंटरच्या मदतनिसाने कोरलेल्या नंबरावरही मारला होता, आणि पेन्सिलने कागदावर घेतलेल्या छापात दोन अंक उमटत नव्हते. निरीक्षकांनी नंबर स्वच्छ करून गाडी पुन्हा आणायला सांगितली, आणि ते योग्यच होते: चॅसिस नंबर वाचता येत नसेल, तर समोरची गाडी आरसीतलीच आहे हे कशावरून ठरवायचे?

परतल्यावर डेंटर पॉलिशपेपर घेऊन पुढे आला, त्याला थांबवावे लागले. कोरलेल्या अंकांवर घासल्याच्या खुणा दिसल्या, तर नंबर खोडल्याचा संशय येतो आणि साधे प्रकरण चौकशीचे होऊन बसते. थिनरमध्ये भिजवलेले फडके त्या जागेवर ठेवून लेप मऊ केला, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने अंकांच्या खाचांतून काढला, आणि नंतर पातळ पारदर्शक लॅकरचा एक हात दिला, म्हणजे अंक दिसतील आणि गंजही चढणार नाही. पुढच्या वेळी छाप स्पष्ट आली आणि नूतनीकरण मंजूर झाले.

आता आरसी डिसेंबर २०३०पर्यंत चालेल. पीयूसी मात्र बीएस-३च्या गाडीला दर सहा महिन्यांनी काढावी लागेल. काही शे किलोमीटर धावल्यावर मागच्या आसाचे तेल पुन्हा पाहिले, ते स्वच्छ होते. मागचे ड्रम आषाढी एकादशीपूर्वी, म्हणजे मांडवीच्या विठ्ठलमंदिरातील कार्यक्रमाच्या आधी, एकदा उघडून पाहायचे ठरले आहे, आणि दाराखालच्या नव्या पट्टीचे सांधे दर पावसाळ्यानंतर हाताने चाचपून पाहायचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले आहे.